खोक्यातला कागद : चार औषधांची माहितीपत्रकं वाचून

लोक फ्रिजचं परीक्षण लिहितात, चपलांचं लिहितात. मी गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून कोंबलेल्या माहितीपत्रकाचं लिहिते आहे. तेही एक उत्पादनच आहे. कुणीतरी ते लिहितं, कुणीतरी मंजूर करतं, कुणीतरी छापतं, आणि बहुतेक घरांत ते रिकाम्या खोक्याबरोबर सरळ कचऱ्यात जातं. माझी उभी हयात प्रुफं तपासण्यात गेली. छापलेला कागद न वाचता टाकणं मला जमत नाही, हा स्वभावदोष समजा हवं तर. सध्या टेबलावर चार पत्रकं पसरलेली आहेत : अ‍ॅम्लोडिपिन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन आणि एटोर्व्हास्टॅटिन. पहिली तीन रक्तदाबाची, चौथं कोलेस्टेरॉलचं. यातलं रॅमिप्रिल बंद झालंय, बाकीची तिन्ही चालू आहेत.

आधी माझ्या धंद्याचं बोलते. युरोपीय संघाची 2009 सालची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात पत्रकासाठी किमान 9 पॉइंटचा टाइप सांगितलाय, तोही टाइम्स न्यू रोमनच्या मापाने. अक्षरं आवळायची नाहीत आणि ओळींमध्ये किमान 3 मिलिमीटर अंतर ठेवायचं. हा किमान आकडा, म्हणजे यापेक्षा बारीक नकोच. चारांपैकी टेल्मिसार्टनचं पत्रक या हिशेबात बसतं. बाकीच्यांना मी टंकमापक पट्टी लावली आणि मग पट्टी बाजूला ठेवून भिंग घेतलं. कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा मजकूर पुढच्या ओळींत डोकावतो. रॅमिप्रिलच्या पत्रकाची घडी नेमकी डोसाच्या ओळीवर पडते, आणि दोनदा उघडमीट केली की तिथली शाई उडते. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांत साठी ओलांडलेले भरपूर असतात, हे छापणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. शुद्धलेखनाची चूक मात्र चारही पत्रकांत एकही सापडली नाही. वकिलांच्या नजरेखालून गेलेला मजकूर असाच असतो.

मांडणी चारांचीही एकच. औषध काय आहे, घेण्याआधी काय माहीत असावं, कसं घ्यावं, दुष्परिणाम, साठवण, आणि शेवटी गोळीत काय काय आहे. यातला दुसरा भाग म्हणजे नमनाला घडाभर तेल. पण तो गाळू नका, त्याच्याकडे पुन्हा येईन.

हा कागद रुग्णाच्या हातात आपोआप पडलेला नाही, एवढं सांगून पुढे जाते. अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीच्या धोक्यांवर 1970 साली सिनेटपुढे सुनावणी चालली होती. साक्षीला पुरुष डॉक्टर आणि शास्त्रज्ञ. गोळी ज्या घेत होत्या त्या बायकांना कुणी विचारलंच नाही. मग प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी उठून सुनावणी थांबवली आणि जाब विचारला. त्याच वर्षी त्या गोळीबरोबर रुग्णासाठी लिहिलेलं पत्रक देणं सक्तीचं झालं. त्यामुळे कागदाला मी कितीही नावं ठेवली, तरी तो नसावा असं मी म्हणणार नाही.

आता दुष्परिणामांचा भाग. लोक तेवढाच वाचतात आणि तेवढाच वाचून घाबरतात.

युरोपीय पद्धतीच्या पत्रकांत दुष्परिणाम किती जणांना होतो त्यावरून गट पाडलेले असतात. दहात एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर तो सर्वांत वरच्या गटात. शंभरात एक ते दहात एक हा दुसरा गट, हजारात एक ते शंभरात एक तिसरा. त्याखाली दहा हजारांत एक ते हजारात एक, आणि तळाला दहा हजारांत एकाहूनही कमी. मोजपट्टी चांगली आहे. अडचण अशी की दुसऱ्या गटाला 'कॉमन' हे जे नाव दिलंय ते वाचून सामान्य माणूस निम्म्या लोकांना हे होतं असं धरून चालतो. शंभरात निदान नव्वद जणांना ते होणार नाही, ही बाजू पत्रकात कुठेच लिहिलेली नसते.

आणि गट पाडून भागत नाही. दुष्परिणाम दिसला तर रुग्णाला तीन गोष्टी हव्या असतात : हा कशामुळे होतो, केव्हा सुरू होतो आणि डोसाबरोबर वाढतो का. या तीन प्रश्नांवर चारही पत्रकं जवळजवळ मुकी आहेत. माझी मुख्य तक्रार ही. उदाहरणासह सांगते.

मला सुरुवात अ‍ॅम्लोडिपिनने झाली, 5 मिलिग्रॅमची गोळी. दाब पुरेसा उतरेना म्हणून 10 केली. मग संध्याकाळ झाली की घोटे भरून यायला लागले. मोज्याच्या इलॅस्टिकची खूण रात्रीपर्यंत जायची नाही, आणि नडगीवर अंगठा दाबून उचलला की खळगा तसाच राहायचा. सकाळी पाय पुन्हा जागेवर. पत्रकात सूज अगदी वरच्या गटात आहे, म्हणजे लिहिलेलं खरंच. पण सूज 5 च्या गोळीने किती आणि 10 च्या गोळीने किती, यावर एक अक्षर नाही. ही माहिती नाही असंही नाही. अमेरिकेत डॉक्टरांसाठी जे लांबलचक पत्रक असतं त्यात तक्ता दिलेला आहे : औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत सूज 0.6 टक्के, अडीच मिलिग्रॅमला 1.8, 5 ला 3 टक्के आणि 10 ला 10.8. म्हणजे डोस दुप्पट झाला की सूज तिपटीहून वर जाते. त्याच पत्रकात पुढे बायका आणि पुरुष वेगळे मोजलेत. सूज पुरुषांत 5.6 टक्के, बायकांत 14.6. हे दोन आकडे रुग्णाच्या कागदावर दोन ओळींत मावले असते. त्याऐवजी गोळीला रंग कशाने आलाय याला जागा दिली आहे.

कारण कळलं की ही सूज निम्मी कमी भीतीदायक वाटते. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं, म्हणून दाब उतरतो. शिरा मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. आत येणारं रक्त वाढलं, बाहेर जायची वाट तेवढीच राहिली, की मधल्या केशवाहिन्यांत दाब चढतो आणि पाणी बाहेर पाझरतं. दिवसभर उभं राहिल्यावर ते घोट्यापाशी उतरतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीने या सुजेवर फारसा उपयोग होत नाही. तरीही सूज दिसली की ती गोळी लिहून दिली जाते, आणि मग त्या गोळीचे दुष्परिणाम वेगळे. एका औषधाचा परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध द्यायचं, ही साखळी रॅमिप्रिलच्या वेळी मी अगदी जवळून पाहिली.

डोस पुन्हा 5 वर आणून डॉक्टरीणबाईंनी जोडीला रॅमिप्रिल दिलं. हिशेब बरोबर होता. या जातीचं औषध शिराही सैल करतं, त्यामुळे दाबही उतरतो आणि घोट्याची सूजही कमी होते. घोटे खरंच उतरले. आणि मग ढास लागली.

ढासच म्हणायची तिला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात कुणीतरी पीस फिरवल्यासारखी खवखव आणि मग एकामागून एक कोरडा खोकला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आडवं झालं की जास्त. फोनवर दोन वाक्यं सलग बोलता येईनात. डॉक्टरीणबाई रजेवर होत्या म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथे छाती तपासली, स्वच्छ निघाली, आणि खोकल्याचं औषध नि अँटिबायोटिक घेऊन मी बाहेर. कुठल्या गोळ्या चालू आहेत हे कुणी विचारलं नाही. औषधाची बाटली संपली, खोकला होता तिथेच.

रॅमिप्रिलच्या पत्रकात कोरडा खोकला आहे, दुसऱ्या गटात, डोकेदुखी आणि थकव्याच्या ओळीत गर्दीत उभा. पण तो केव्हा सुरू होतो हे लिहिलेलं नाही. तो पहिल्या गोळीनंतर काही तासांत येऊ शकतो आणि काही महिन्यांनीही येऊ शकतो. आठवडे उलटल्यावर आलेल्या खोकल्याचा संबंध कोण गोळीशी जोडणार? डोस कमी केल्याने तो सहसा जात नाही, हेही नाही. बायकांत तो जास्त आढळतो, हेही नाही. गोळी थांबवली की तो बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिने रेंगाळतो, हेही नाही. आणि खोकल्याच्या औषधाने तो हटत नाही ही एक ओळ असती तर माझी एक अख्खी बाटली वाचली असती.

यामागची गोष्ट तर इतकी सुरस आहे की पत्रकवाल्यांनी ती वगळावी याचं मला वाईट वाटतं. आपल्या अंगात एसीई नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. फुप्फुसांत ते भरपूर असतं आणि त्याची कामं दोन. एक, रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन-2 हा पदार्थ तयार करणं. दोन, ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडून टाकणं. रॅमिप्रिल या विकरालाच अडवतं. पहिलं काम थांबलं की दाब उतरतो. दुसरं थांबलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि घशातल्या, श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंना डिवचत राहतं. या जातीच्या औषधांचा माग लागला तो ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावरून. त्या विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारं काहीतरी आहे, हे सर्जिओ फरेरा यांनी 1965 साली दाखवलं. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेत ओंडेटी आणि कुशमन यांनी कॅप्टोप्रिल तयार केलं, आणि 1981 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ब्रॅडिकायनिनच्या वाटेने औषध सापडलं आणि त्याच वाटेने खोकला आला. याला बाजूचा परिणाम म्हणायचं तरी कसं, तो औषधाच्या पोटातलाच आहे.

याच साचलेल्या ब्रॅडिकायनिनचा दुसरा, फार क्वचित होणारा पण जिवावर बेतणारा परिणाम म्हणजे ओठ, जीभ, घसा सुजणं. इथे मात्र पत्रकाला पैकीच्या पैकी गुण. ही सूचना अगदी वर, ठळक अक्षरांत, वेगळी काढून दिली आहे : गोळी बंद करा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. सगळं पत्रक असं लिहिता येतं, याचा तो पुरावाच.

डॉक्टरीणबाई परतल्यावर त्यांनी खोकला ऐकला, कागद पाहिला आणि विचारलं, "रॅमिप्रिल सुरू करण्याआधी हा खोकला होता का?" बस्स, एवढाच प्रश्न. रॅमिप्रिल गेलं, टेल्मिसार्टन आलं. हे औषध विकराला हातच लावत नाही. अँजिओटेन्सिन-2 जिथे जाऊन चिकटतो ती जागाच अडवून धरतं, म्हणून ब्रॅडिकायनिनचा हिशेब बिघडत नाही. ढास हळूहळू विरळ झाली आणि मग गेली.

पण गंमत बघा. टेल्मिसार्टनच्या पत्रकातही खोकला आहे! एक गट खाली, पण आहे. रॅमिप्रिलच्या खोकल्याने बेजार झालेल्या माणसाने हे वाचलं तर तो म्हणणार, आगीतून फुफाट्यात. या दोन औषधांची समोरासमोर तुलना झालेली आहे. पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांचा ऑनटार्गेट नावाचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात खोकल्यामुळे औषध सोडावं लागलेले रॅमिप्रिलच्या गटात 4.2 टक्के होते, टेल्मिसार्टनच्या गटात 1.1. ही एक ओळ दोन्ही पत्रकांत हवी. ती नसते, कारण पत्रक एका औषधाचं असतं आणि दुसऱ्या औषधाचं नाव घेणं बहुधा शिष्टाचारात बसत नसावं.

एटोर्व्हास्टॅटिनच्या पत्रकाबद्दल माझ्यापेक्षा माझ्या धाकट्या जावेचं मत ऐका. तिला हीच गोळी लिहून दिली होती. दोनचार दिवसांत फोन. "जाऊबाई, मी गोळी बंद केली. मांड्या दुखतायत, आणि कागदावर लिहिलंय स्नायू विरघळतात म्हणून." कागदावर दोन्ही आहे. स्नायूदुखी दुसऱ्या गटात आणि स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येणं चौथ्या, क्वचितच्या गटात. तिने दोन्ही एकाला एक जोडून वाचलं. तिची चूक म्हणत नाही मी. दोन्हींत तीन बोटांचं अंतर आहे आणि टाइप सारखाच आहे.

मी तिला लंडनमधल्या सॅमसन नावाच्या प्रयोगाचं सांगितलं. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन, म्हणजे एटोर्व्हास्टॅटिनच्या जातीची गोळी, सोडून दिलेले 60 जण त्यात घेतले होते. प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या : चारांत एटोर्व्हास्टॅटिन, चारांत हुबेहूब खोटी गोळी आणि चार रिकाम्या. दर महिन्याला वेगळी बाटली. त्रास किती झाला याचे गुण रोज फोनवर नोंदवायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी 8, खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3, आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4. म्हणजे त्रास खरा होता, लोक खोटं बोलत नव्हते, पण त्यातला 90 टक्के भाग गोळी घेण्याच्या भीतीतून आला होता, गोळीतल्या औषधातून नव्हे. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

"म्हणजे मला भास होतोय म्हणता?" ती म्हणाली. तसं नाही. काहींना गोळीनेच स्नायू दुखतात. स्नायूंत फार अशक्तपणा आला किंवा लघवी गडद रंगाची झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, हे पत्रकात आहे आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या मनाने गोळी थांबवायची नाही, आधी विचारायचं. तिने विचारलं. रक्ताची एक तपासणी झाली, ती ठीक निघाली, गोळी पुन्हा चालू झाली. मांड्या अधूनमधून दुखतात म्हणते. गोळी बंद होती तेव्हाही दुखायच्या, हे तिनेच एकदा सांगितलं.

खरी किंमत आहे ती त्या कंटाळवाण्या दुसऱ्या भागाची. दुखण्यावर आपण सर्रास घेतो त्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलबरोबर, त्यातही लघवी वाढवणारी गोळी चालू असताना घेतल्या, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडाला धोका करू शकतात. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ बहुधा पोटॅशियमचं असतं, आणि ही औषधं आधीच पोटॅशियम वाढवतात. रक्तदाब आहे म्हणून हौसेने तेच मीठ आणणारे लोक मला माहीत आहेत. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. हे सगळं त्या दोन्ही औषधांच्या कागदांत आहे, स्वच्छ शब्दांत आहे, आणि नेमकं हेच कुणी वाचत नाही. गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका, हीसुद्धा तशीच कामाची ओळ. अ‍ॅम्लोडिपिन रक्तातून निम्मं कमी व्हायला 30 ते 50 तास घेतं, त्यामुळे एखादी गोळी राहिली म्हणून दाब लगेच उसळत नाही. एवढं कारण जोडलं असतं तर लोक घाबरून दोन गोळ्या गिळायचे थांबले असते.

गुण द्यायचे तर पाचपैकी टेल्मिसार्टनला साडेतीन, टाइपासाठी अर्धा त्यातच धरलाय. अ‍ॅम्लोडिपिनला अडीच. रॅमिप्रिलला दोन, आणि तेही त्या ओठ-जिभेच्या ठळक सूचनेमुळे. एटोर्व्हास्टॅटिनला दोन.

दुष्परिणामांच्या यादीनंतर सगळ्या पत्रकांत एक छोटा परिच्छेद असतो : तुम्हाला काही त्रास झाला तर तो कळवा, तुम्ही स्वतःही कळवू शकता. थॅलिडोमाइडमुळे हातापायांत व्यंग असलेली हजारो मुलं जन्माला आली आणि 1961 च्या अखेरीस ते औषध बाजारातून निघालं, तेव्हापासूनची ही शिकवण. ब्रिटनने 1964 साली त्यासाठी पिवळं कार्ड काढलं. 1968 साली दहा देशांनी मिळून जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली नोंदी एकत्र करायला सुरुवात केली, आणि 1978 पासून तो कारभार स्वीडनमधल्या उप्साला इथून चालतो. मी माझा खोकला कळवला. फॉर्म भरताना मजा वाटली. औषध कधी सुरू केलं, डोस किती, त्रास कधी सुरू झाला, औषध थांबवल्यावर गेला का, पुन्हा घेतल्यावर परत आला का, जोडीला आणखी कुठली औषधं होती : पत्रकाने मला जे सांगायला हवं होतं ते सगळं या फॉर्मने मला विचारलं. टाइपही 10 पॉइंटचा होता. फॉर्मला साडेचार.